रुग्णाची संमती : पूर्व विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यामुळे त्याचा आरोग्यविषयक पूर्वेतिहास भंडारा जिल्ह्याच्या आणि त्याहीपूर्वी, म्हणजे १९५६ पर्यंतच्या, जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरात शोधावा लागतो. ह्या दप्तरात रुग्ण भेटतो तो बहुधा संख्येच्या रूपाने. देवी काढलेली मुले किती, पटकीने दगावलेले किती, दवाखान्यात येऊन गेलेले किती, ह्यांची मोजदाद त्यात आहे. परंतु रुग्णाने वैद्याला काय विचारले, कोणता उपचार नाकारला आणि कोणता समजून-उमजून पत्करला, ह्याविषयी ते जवळजवळ मुके आहे. रुग्णाला त्याच्या स्वतःच्या उपचारासंबंधीच्या निर्णयात स्थान असावे, हा विचार आज सर्वमान्य झाल्यासारखा दिसतो. त्याचा इतिहास लिहिताना मात्र एक पूर्वप्रश्न सोडवावा लागतो. संमती हवी हे मान्य केले, तरी ती कोणाची? रोग्याची, त्याच्या घरच्यांची, गावाची की सरकारची? महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ह्या विषयावर जे वाद झाले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ ह्या पूर्वप्रश्नात आहे.

प्राचीन वैद्यकाची साक्ष येथे प्रथम घेणे इष्ट ठरेल. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. रोगी हा चिकित्सेचा विषय नसून तिचा एक आधारस्तंभ आहे, ही कल्पना लक्षणीय खरी; पण त्याच्या अंगी जे गुण अपेक्षित आहेत त्यांत स्मरणशक्ती, निर्भयपणा व आपला विकार नीट सांगता येणे ह्यांच्या जोडीला वैद्याच्या आज्ञेनुसार वागणे हाही गुण आहे. त्याहून अधिक उद्‌बोधक आहे ते चिकित्सास्थानातील उदररोगाचे प्रकरण. इतर उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखा जोखमीचा उपचार करावयाचा झाल्यास वैद्याने रोग्याचे ज्ञातिबांधव, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा व गुरुजन ह्यांना आधी विश्वासात घ्यावे, उपचार न केल्यास मृत्यू अटळ आहे व केल्यास यश संशयित आहे हे स्पष्ट सांगावे आणि त्यांची अनुज्ञा घेऊन मगच कर्म करावे, असा तेथे आदेश आहे. मूतखड्यावरील शस्त्रकर्मापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असे सुश्रुतही सांगतो. धोका लपवू नये, हे तत्त्व ह्या आदेशांत निःसंदिग्ध आहे. मात्र ज्यांची अनुज्ञा घ्यावयाची त्यांच्या यादीत खुद्द रोग्याचे नाव नाही. रोग्याची इच्छा गृहीत धरली असावी, असे म्हणून ह्या उणिवेचे समर्थन करता येईल; तरीही संमतीचे अधिष्ठान व्यक्ती नसून गोतावळा आहे, हे नाकारता येत नाही. आजही कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवारात शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर ‘जबाबदार माणूस कोण?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना खाटेवरील माणूस अभिप्रेत नसतो.

ब्रिटिश अमदानीत ह्या गोतावळ्यासमोर नवा पक्ष उभा राहिला, तो शासनाचा. १८८० च्या देवीच्या लसीसंबंधीच्या कायद्याने विशिष्ट नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत जुन्या पद्धतीने देवी टोचण्यास मनाई करण्याचा आणि मुलांना लस टोचणे सक्तीचे करण्याचा अधिकार सरकारला दिला. ह्या कायद्यातील एक तरतूद अभ्यासकांच्या नजरेतून सहसा सुटते. तो एखाद्या नगरपालिकेस लागू करावयाचा तर त्यासाठी खास बोलाविलेल्या सभेत उपस्थित सभासदांच्या बहुमताने तशी मागणी व्हावी लागे; नंतर तो प्रस्ताव प्रसिद्ध केला जाई आणि ज्या रहिवाशास तो मान्य नसेल त्याला सहा आठवड्यांच्या आत लेखी हरकत घेता येई. सक्ती करावयाची, परंतु ज्यांच्यावर करावयाची त्यांच्या प्रतिनिधींस विचारून, असा हा चमत्कारिक समन्वय होता. नगरपालिकेचा सभासद कोण होई, लेखी हरकत कोणाला लिहिता येई, हे मनात आणले म्हणजे ह्या संमतीची मर्यादा कळते. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील खेड्यांना तर हा कायदा लागूच नव्हता. ज्या झाडीपट्टीत गावाच्या शिवेवर मातामायचे ठाणे असे आणि देवी हा रोग नसून देवतेचे आगमन मानले जाई, तेथे लस टोचणाऱ्याला कायद्याचा आधार नव्हता. त्याला आईबापांचे मन वळविणेच भाग होते. कायद्याच्या अभावी खेड्यातल्या आईला नाही म्हणण्याची जी मोकळीक उरली, ती शहरातल्या आईला नव्हती.

ह्या संघर्षाचे उग्र स्वरूप प्लेगच्या काळात प्रकट झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी मुंबईत मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी रोग्यांना, प्रसंगी बळानेही, रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. ऑक्टोबर अखेरीस सुमारे एक हजार गिरणीकामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले आणि हुकूम सौम्य करावा लागला. ह्या घटनेकडे केवळ अज्ञानाचा उद्रेक म्हणून पाहण्याची प्रथा समकालीन इंग्रजी लिखाणात होती. ती आता कोणी गंभीरपणे पुढे करीत नाही. रुग्णालय हे त्या काळी कामगाराच्या दृष्टीने मरावयास नेण्याचे ठिकाण होते, तेथे आप्तांना प्रवेश नव्हता, प्रेताचे काय होईल ह्याची शाश्वती नव्हती, आणि प्लेगवर त्या वेळच्या वैद्यकापाशी खात्रीचा उपचारही नव्हता. ज्या उपचाराने जीव वाचण्याचा भरवसा नाही, त्यासाठी घर, धर्म व नातेवाईक ह्यांना मुकण्यास नकार देणे हा अविचार म्हणता येत नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. चारच कलमांच्या ह्या छोट्या कायद्यात सरकारने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत, आगगाडीने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, रोगाचा संशय असलेल्यांना वेगळे ठेवावे, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी, आणि सद्‌बुद्धीने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालू नये, एवढे सगळे बसविले होते. रोग्याच्या हक्काविषयी त्यात एक शब्दही नव्हता. ह्या कायद्याच्या छत्राखाली मार्च ते मे १८९७ ह्या काळात पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने लष्कराच्या साहाय्याने घराघरांत झडत्या घेतल्या. त्यातून उसळलेल्या क्षोभाचा, २२ जून १८९७ च्या हत्येचा, चापेकरांच्या फाशीचा व टिळकांच्या तुरुंगवासाचा इतिहास सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक वेगळा मुद्दा महत्त्वाचा आहे. टिळकांचा आक्षेप प्लेगविरोधी उपायांना नव्हता. त्यांनी स्वतः पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. त्यांचा व इतरांचा आक्षेप होता तो उपाय कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि घराच्या उंबरठ्याला काही अर्थ उरतो की नाही, ह्याविषयी. ह्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांना आणणारी ती व्यक्ती ओळखीची व विश्वासाची होती. आज्ञापत्र घेऊन आलेल्या शिपायाविषयी तसे म्हणता येत नव्हते.

तथापि येथे एका भ्रमापासून सावध राहावयास हवे. उंबरठ्याचा हा बचाव नेहमीच रोग्याच्या बाजूचा होता, असे नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली, ती एका आजारी मुलीच्या तपासणीवरून. घरच्यांनी तपासणी नाकारली, समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला, सरकारने बळ वापरले. त्या मुलीची स्वतःची इच्छा काय होती, हे कोणत्याही पक्षाने विचारल्याचे दिसत नाही. त्यानंतर सरकारचे धोरण मवाळ झाले, निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या प्लेग-रुग्णालयांना वाव मिळाला, हाफकिनची लस ऐच्छिक ठेवण्यात आली आणि आगाखानांसारख्या धर्मप्रमुखाने स्वतः जाहीरपणे ती टोचून घेतल्यावर अनुयायांचे मन वळले. ही सरकारची माघार होती; पण ज्याच्यापुढे सरकार नमले तो जातिसमाज होता. एकट्या रोग्याला त्यातून काही मिळाले ते आनुषंगिकच. १८९७ चा तो कायदा पुढे सव्वाशे वर्षे टिकला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीत त्याचाच आधार घेतला.

कुष्ठरोग्याच्या पाठीशी असा समाजही नव्हता. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याखाली ज्याला उपजीविकेचे साधन नाही अशा ‘निर्धन’ कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. पैसेवाल्या कुष्ठरोग्याला तो लागू नव्हता. रोग एक, पण संमतीचा अधिकार मिळकतीनुसार, असा हा न्याय केंद्रीय कायद्याच्या पुस्तकातून २०१६ मध्ये गेला. स्वातंत्र्यानंतरचे राज्यही ह्या मोहापासून मुक्त नव्हते, हे सांगण्यास १९७६ साल पुरेसे आहे. त्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या संततिनियमनाचे विधेयक संमत केले. असे करणारे ते देशातील पहिले विधिमंडळ होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही.

पूर्व विदर्भाच्या स्वतःच्या वाट्याला आलेला प्रश्न निराळ्या जातीचा आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी ह्या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या होतात, ह्या आनुवंशिक विकाराचे अस्तित्व विदर्भात तेव्हापासून अभ्यासकांना ठाऊक झाले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर ह्या पट्ट्यात तो आदिवासींत, तसेच अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही आढळतो. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर मनुष्य वाहक होतो व सामान्यतः निरोगी राहतो. दोघांकडून आला तर रोगी. दोन्ही वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. म्हणजे येथे निर्णय घ्यावयाचा आहे तो आजारी माणसाने नव्हे, तर धडधाकट माणसाने. आणि तो औषधाविषयी नाही, विवाहाविषयी आहे. चरकाच्या त्या यादीतील सगळी मंडळी ह्या निर्णयात आपोआप येऊन बसतात.

ह्या विकारासंबंधी सर्वांत मौलिक धडा गोंदियाच्या दक्षिणेस लागून असलेल्या गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात गेले आणि त्यांनी आरंभीच सिकलसेलची पाहणी हाती घेतली. विषय शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा होता, वाहकांचे प्रमाण लक्षणीय आढळले, शासनानेही दखल घेतली. परंतु ज्यांचे रक्त तपासले त्या लोकांना ह्या शोधाचे काही विशेष वाटले नाही. बरा करणारे औषध तेव्हा हाती नव्हते, आणि लोकांनी तो प्रश्न कधी मांडलेलाही नव्हता. हा प्रश्न संशोधकांच्या जिज्ञासेचा होता, लोकांच्या गरजेचा नव्हता, असे डॉ. बंग ह्यांनी पुढे स्वतःच लिहिले व सांगितले. आपल्या यशस्वी पाहणीचा असा हिशोब जाहीरपणे मांडणे वैद्यकीय वाङ्मयात विरळा आहे. लोकांवर संशोधन करणे आणि लोकांसाठी व त्यांच्यासह संशोधन करणे ह्यांतील भेद ह्या अनुभवाने त्यांच्या पुढील कामात पायाभूत ठरला.

त्याचे पहिले फळ म्हणजे वसा व अमिर्झा ह्या दोन गावांतील स्त्रियांची पाहणी. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मागे सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षे लागली होती, त्याच स्त्रियांना त्यांचे स्वतःचे दुखणे काय, हे कोणी विचारलेच नव्हते, असा ह्या दोन आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

दुसरे फळ रुग्णालयाच्या रचनेत दिसते. सरकारी दवाखान्यात का येत नाही, असे आदिवासींना विचारले असता त्यांनी दिलेली उत्तरे आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. तेथे आपली बोली कोणाला कळत नाही. नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. डॉक्टर व नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि पांढरे कापड तर प्रेतावर घालतात. शिवाय ज्या जागी देव नाही तेथे माणूस बरा कसा होणार? धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम येथे उभारलेले दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय ह्या उत्तरांबरहुकूम बांधले गेले. गोंड वस्तीसारख्या सुट्या झोपड्या, रोग्याबरोबर राहणारे आप्त, आणि प्रवेशाशीच देवीचे मंदिर. आर्थर रोडवर चालून गेलेल्या कामगारांच्या तक्रारी आणि ह्या आदिवासींच्या तक्रारी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या थक्क करण्याइतक्या सारख्या आहेत. फरक इतकाच की नव्वद वर्षांनंतर त्या दंगलीविना ऐकल्या गेल्या. मात्र हेही खरे की, येथेही ज्याला विचारले तो प्रामुख्याने समूह होता. कोणत्या रोगावर काम व्हावे, दवाखाना कसा असावा, हे समूहाने सांगणे उचितच. पण खाटेवरच्या एकट्या स्त्रीचा किंवा लग्नाला आलेल्या एकट्या मुलीचा निर्णय समूहाकडून येऊ शकत नाही.

ह्या एकट्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्यास कायद्याला बराच वेळ लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि रुग्ण ‘ग्राहक’ झाला. हे रूप त्याला कितपत शोभते, हा वादाचा विषय आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचे बंधन आले. ती कोणाची, ह्याचा क्रम मात्र वाचण्याजोगा आहे : पती किंवा पत्नी, अज्ञान असल्यास आईबाप किंवा पालक, अथवा यथाप्रसंग खुद्द रुग्ण. चरकाच्या यादीत रोगी नव्हता. येथे तो शेवटी का होईना आला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ह्यांची जागा घेणारे नवे नियम प्रसिद्ध केले, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू केले. दरम्यान १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम प्रत्यक्षात उलटविला होता. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि तातडीचा प्राणप्रसंग नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आप्ताने दिलेली संमती ग्राह्य नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनदही समाविष्ट झाली.

आता गोंदियाकडे वळावयाचे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे ध्येय ठेवले आहे. तपासणी झालेल्यास त्याची आनुवंशिक स्थिती दाखविणारे रंगीत कार्ड द्यावयाचे, आणि विवाहापूर्वी उभय पक्षांनी कार्डे जुळवून पाहावीत, असा प्रचार आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सीयूरियासारखे उपयुक्त औषध आता उपलब्ध असल्याने लवकर निदान रोग्याच्या हिताचेच आहे. १९८६ ची स्थिती उरलेली नाही. परंतु वाहकाचे काय? ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस गावात १९७० च्या सुमारास अशीच तपासणी झाली, तेव्हा वाहकांवर कलंक बसल्याचे आणि लग्न जुळविताना वाहकपण लपविले गेल्याचे दिसून आले. अमेरिकेत अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सक्तीची तपासणी लादल्यावर जो अनर्थ झाला, त्यामुळे १९७२ च्या संघीय कायद्यात ती ऐच्छिक असावी अशी अट घालावी लागली.

सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील शाळेत एखाद्या मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, तेव्हा सज्ञान नसल्यामुळे संमती पालकांची असते, आणि ते रास्त आहे. पुढे कार्ड घरी जाते. घरात ते कोण वाचतो, सोयरिकीच्या बोलणीत ते कोण दाखवितो किंवा दडवितो, हे मुलगी ठरवीत नाही. समजावून सांगणारी आशा कार्यकर्ती गावचीच असल्यामुळे ती गोंडी, पोवारी वा झाडीबोलीत बोलू शकते, हे बलस्थान होय. पण गावचीच असल्यामुळे ते गुपित तिच्यापाशी किती सुरक्षित राहील, ही धास्तीही त्याच बलस्थानाची दुसरी बाजू आहे. छापील संमतीपत्राची मराठी मात्र कोणत्याच घरात बोलली जात नाही. २०१६ मध्ये गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ह्या परिसराला स्वतःचे अध्यापन-रुग्णालय लाभले आहे. संमतीपत्र कोणत्या बोलीत समजावले जाते, ह्याची नोंद ठेवण्यास तेथे आता सबब उरलेली नाही.

दोन वाहकांचे लग्न झालेच, तर पुढचा निर्णय गर्भावस्थेत येतो. गर्भजलाच्या तपासणीत रोग निष्पन्न झाल्यास पुढे काय करावयाचे, ह्याबाबत १९७१ चा गर्भपातविषयक कायदा स्पष्ट आहे. सज्ञान गर्भवतीची संमती आवश्यक आहे आणि ती पुरेशी आहे. पतीची मागितलेली नाही. १९७१ मध्ये, म्हणजे आचारसंहितेच्या त्या क्रमवारीपूर्वी एकतीस आणि समीरा कोहली निर्णयापूर्वी सदतीस वर्षे, भारतीय कायद्याने ह्या एका ठिकाणी तरी रुग्णाला यादीत एकटीलाच ठेवले होते. प्रत्यक्षात रुग्णालयाच्या खिडकीपाशी पतीची सही मागितली जाण्याची प्रथा अनेक ठिकाणी चालूच राहिली, आणि त्या सहीसाठी थांबलेल्या स्त्रियांचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही.